पिस्तुलाखालची बत्ती, हातातली बॅटरी

माझा एक दोस्त माझ्यासारखाच फौजेतून निवृत्त होऊन चिमूर तालुक्यात वावर करतो. जोडीला कृषी केंद्र चालवतो. हंगामात बियाण्या-खताची रोकड घेऊन रात्री उशिरा घरी परततो आणि घर गावापासून लांब, वावरातच आहे. म्हणून त्याच्याकडे .३२ बोअरच्या पिस्तुलाचं लायसन्स आहे. त्याच्या पोरानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून पिस्तुलाच्या नळीखाली बसवायची एक बत्ती ऑनलाइन मागवली. दोस्त ती घेऊन माझ्याकडे आला. "उस्ताद, पाहून सांगा बरं, लावू का नको." कामठीच्या गार्ड्स सेंटरला मी रंगरुटांना हत्यार शिकवत होतो, तेव्हापासून तो मला उस्तादच म्हणतो. मग ती बत्ती मी नीट पाहिली, त्याच्या वावरात बऱ्याच रात्री वापरून पाहिली. आमच्या भागात लायसन्सधारक कमी असले तरी रात्री वावरात जाणारे सगळेच आहेत आणि या पाहणीतून जे निघालं ते त्यांच्याही कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाहणी करताना पिस्तूल रिकामं होतं. मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्यानं आणि बोटानं तपासलेलं, काडतुसं घरात कुलपात. हे आधी सांगतो, कारण बत्तीची करामत दाखवायला भरलेलं हत्यार बाहेर काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता वस्तू काय आहे ते. नव्या बनावटीच्या बऱ्याच पिस्तुलांना नळीखाली, ट्रिगरगार्डच्या म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या पुढे, आडव्या खाचांची एक पट्टी असते. तिला रेल म्हणतात. तिच्यावर बत्ती सरकवून स्क्रू कसायचा. रिव्हॉल्वरला सहसा ही रेल नसते, जुन्या पिस्तुलांनाही नसते, त्यामुळे बऱ्याच लायसन्सधारकांचा प्रश्न इथेच संपतो. या कामात शुअरफायर आणि स्ट्रीमलाइट या अमेरिकन कंपन्यांचं नाव मोठं आहे. स्ट्रीमलाइटची टीएलआर-१ एचएल घ्या. १००० लुमेन, २०,००० कँडेला, दोन सीआर१२३ए सेल, चालते दीड तास, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दोस्ताकडे आलेली बत्ती दिसायला तशीच, पण तिच्यावर कंपनीचं नाव नाही. खोक्यावर मात्र ठसठशीत १२०० लुमेन छापलेलं.

लुमेनच्या आकड्यावर बॅटरी विकत घेणारे सगळेच फसतात, आणि यात पिस्तूल असो-नसो. लुमेन म्हणजे बत्तीतून एकूण किती उजेड निघतो ते. तो उजेड एका दिशेनं किती जोरात जातो ते सांगतं कँडेला, आणि लांबचं दिसणं कँडेलावर अवलंबून असतं. हे घरी मोजता येतं. गावात सोलर बसवणाऱ्या एका पोराकडे लक्स मीटर, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजणारं यंत्र, होतं, ते आणलं. अंधाऱ्या खोलीत बत्तीपासून बरोबर पाच मीटरवर मीटर धरायचं, जितके लक्स दिसतील त्याला २५ ने गुणायचं, झाला कँडेला. त्या कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमध्ये पल्ला निघतो. खोक्यावर कंपन्या जो पल्ला छापतात तो याच हिशोबाचा असतो. अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचं मानक ठरलं, त्यात पल्ला म्हणजे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात वावरात किती दिसतं ते कास्तकाराला सांगायला नको. काहीतरी उभं आहे एवढं कळतं. काय उभं आहे ते कळायचं असेल तर छापलेल्या पल्ल्याचा तिसरा हिस्सा धरावा, माझा तरी तोच ठोकताळा आहे.

दोस्ताच्या बत्तीचे पाच मीटरवर १६० लक्स भरले. म्हणजे ४००० कँडेला आणि कागदावरचा पल्ला १२६ मीटर. माझ्या हातातल्या बॅटरीचे, जिच्यात १८६५० नंबरचा एक सेल बसतो, ९०० लक्स भरले. २२,५०० कँडेला, पल्ला ३०० मीटर. बत्ती जरा वेळ चालू ठेवल्यावर तिचे आकडे घसरत गेले, कारण एवढ्याशा डबीला उष्णता सोडायला जागा नाही. तिचं अंग हाताला चटका बसेल इतकं तापलं.

मग बाहेर निघालो. त्याच्या घराच्या ओट्यावरून विहिरीवरचं मोटार-घर दिसतं, मधात हरभरा, एका कडेला तुरीच्या ओळी. पोराला अंगावर चादर घेऊन मोटार-घराच्या अलीकडे, तुरीच्या कडेला खाली बसायला सांगितलं. पिस्तुलावरची बत्ती मी पिस्तुलावरून काढून, नुसती हातात धरून त्याच्यावर मारली. रिकामं हत्यारसुद्धा माणसावर रोखायचं नाही, हे मी आयुष्यभर शिकवलं. तुरीच्या बुडाशी एक काळपट ढेप दिसली. हलली तेव्हाही ती माणूस आहे का डुक्कर, ते ओट्यावरून सांगता येईना. हातातली बॅटरी मारली तर चादरीची किनार दिसली, गुडघ्यावर ठेवलेला हात दिसला. जागा तीच, अंतर तेच.

इथेच मला दोस्ताला खरं काय सांगायचं होतं ते आलं. पिस्तुलाखालच्या बत्तीत उजेड आणि नळी एकाच दिशेला बांधलेली असतात. जे पाहायचं त्याच्यावर हत्यार रोखावं लागतं. आधी पाहायचं, ओळखायचं आणि मग गरज पडली तर हत्यार, हा क्रम ती उलटा करते. शहरातल्या माणसाला वाटतं रात्री वावरात जे हलतं ते चोर नाहीतर वाघ. आमच्याकडे रात्री वावरात कोण असतं ते मी सांगतो. शेतीची लाइन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, त्यामुळे ओलितासाठी मध्यरात्री उठून आलेला शेजारी. जागलीवर बसलेला म्हातारा. फ्यूज गेला म्हणून डीपीकडे निघालेला वायरमन. सुटलेली गाय शोधणारं पोरगं. गस्तीवरचा वनरक्षक. मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका, त्या तर कमरेत वाकलेल्याच असतात. यातल्या एकावरही पिस्तुलाची नळी जायला नको. आणि या सगळ्यांवर उजेड मात्र पडायला पाहिजे.

डोळ्यांची गोष्ट यात फार महत्त्वाची आहे. रात्री बॅटरी मारली की रोही, चितळ, बैल, कुत्रा, बिबट, वाघ यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. रानडुकराच्या डोळ्यात तो थर नाही. माणसाच्याही नाही. म्हणजे वावरात रात्री सगळ्यात जास्त भेटणारे हे दोघे उजेडात सारखेच काळे, बिनडोळ्याचे दिसतात, आणि हरभऱ्यात खाली वाकलेला माणूस उंचीलाही डुकराएवढाच असतो. जुन्या जागल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. डोळे चमकले नाहीत की ते आधी मोठ्यानं आवाज देतात, "कोन हाये रे?" आणि उत्तराची वाट पाहतात. कुठल्याही बत्तीपेक्षा ही सवय भारी आहे.

दोस्तानं आपली बाजू मांडली, आणि ती चुकीची नव्हती. "पण उस्ताद, यात दोन्ही हात पिस्तुलावर राहतात ना." राहतात. दोन हातांनी धरलेलं पिस्तूल एका हातापेक्षा कितीतरी स्थिर असतं, यात वाद नाही. म्हणूनच लष्कर आणि पोलीस हत्याराला बत्ती लावतात. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात ओलिसांना सोडवायला ब्रिटिश कमांडो शिरले, तेव्हा त्यांच्या एमपी-५ सबमशीन गनवर टॉर्च बसवलेले होते. धुरानं भरलेली खोली, आत शस्त्रधारी माणसं आहेत हे आधीच पक्कं, सोबत साथीदार आणि मागे महिनोन्‌महिन्यांचा सराव. तिथे ती बत्ती बरोबर होती. आपल्या वावरात यातलं काहीच नसतं. समोर कोण आहे हाच तर आपला प्रश्न असतो.

सरावाचं मुद्दाम सांगतो. लायसन्सवर काडतुसांचा कोटा लिहिलेला असतो आणि नेमबाजीची रेंज आमच्यापासून लांब. अमेरिकेतला पोलीस बत्तीसकट अंधारात गोळीबाराचा सराव करतो. आमचा लायसन्सधारक कधीतरी जत्रेसारखा रेंजवर जातो, तोही दिवसा. अशा माणसाच्या पिस्तुलाला आणखी एक बटण देणं मला पटत नाही. या बत्तीचं बटण ट्रिगरगार्डच्या लगेच पुढे असतं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते दाबायचं असतं, पण दोस्ताच्या पोरानं पिस्तूल हातात घेतलं आणि काय केलं, तर ट्रिगरचं बोट पुढे करून बटण दाबलं, मग तेच बोट मागे घेतलं. मागे घेतलेलं बोट सरळ ट्रिगरवर येतं. मी तिथल्या तिथे त्याच्या हातून पिस्तूल घेतलं. रिकामं होतं म्हणून निभावलं. शिवाय घाबरलेल्या माणसाचा एक हात आवळला की दुसराही आपोआप आवळतो, हे शिकवताना मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बत्ती लावायला गेलेल्या पोलिसाच्या हातून गोळी सुटून माणूस मेल्याच्या घटना अमेरिकेत झालेल्या आहेत, आणि ते शिकलेले लोक होते.

घराच्या आतही पाहिलं. चुना मारलेल्या भिंतीच्या छोट्या खोलीत ती बत्ती लावली की सगळा उजेड भिंतीवरून आपल्याच डोळ्यात परत येतो. बत्ती बंद केली की बराच वेळ काहीच दिसत नाही. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती कमाई एका झटक्यात जाते. चुलीचा धूर असेल तर समोर पांढरा पडदाच उभा राहतो. थंडीतल्या धुक्यातही तसंच. धुक्यात डोक्याला बांधलेली बॅटरी सगळ्यात वाईट, कारण उजेड डोळ्याच्या अगदी जवळून निघतो आणि धुक्यावर आपटून तिथेच परततो. त्या वेळी बॅटरी हातात घेऊन कमरेशी धरली तर बांध दिसतो.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. बत्ती लावल्यावर पिस्तूल त्याच्या जुन्या चामडी होल्स्टरमध्ये शिरेना. गोळी सुटली की नळीच्या तोंडची काजळी काचेवर बसते आणि उजेड कमी होत जातो. तिकडचे नेमबाज काचेवर आधीच व्हॅसलीनचा हलका हात फिरवतात म्हणजे नंतर पुसून निघते. धक्क्यानं सेल स्प्रिंगवर उडाले तर स्वस्त बत्ती लुकलुकते. आणि आमच्याकडची एक गोष्ट परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लायसन्सचं हत्यार बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद, एक झाली की दुसरी. ते दिवस पिस्तुलासोबत बत्तीही ठाण्यातच. बॅटरी मात्र तुमच्या उशाशी राहते. लायसन्सच्या हत्याराला कुठलंही सामान जोडण्याआधी लायसन्स शाखेत विचारून घ्यावं, हेही मी त्याला बजावलं.

जनावरांचा विषय निघतोच, कारण ताडोबा आम्हाला लांब नाही आणि वाघ आता वावरातून जातो-येतो. .३२ ची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. तिनं मोठं डुक्कर थांबत नाही, वाघ तर सोडाच. जखमी जनावर मात्र तुरीत दडून बसतं आणि सकाळी तूर कापायला आलेल्या बाईवर धावून जातं. कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाच्या रक्षणासाठी, प्रामाणिक हेतूनं जनावर मारलं गेलं तर गुन्हा नाही. पीक खाल्लं म्हणून स्वतःच गोळी घालायची मुभा त्यात नाही. पिकाच्या नासाडीचा राग मला कळतो. एका रात्रीत डुकरांनी नांगरल्यासारखा केलेला हरभरा मी पाहिला आहे. पण तो राग काढायची जागा पिस्तूल नाही, आणि कुंपणात सोडलेला चोरीचा करंट तर मुळीच नाही. त्या तारेनं वाघ मेले तशी माणसंही मेली.

म्हणून मी दोस्ताला सांगितलं, नको लावू. त्याऐवजी एक चांगली हातातली बॅटरी घे आणि ती धरायला शीक. बॅटरी डाव्या हातात, अंगापासून दूर, डोक्याच्या वर बाजूला. समोरच्यानं उजेडाच्या रोखानं काही फेकलं तर ते अंगावर येत नाही. अमेरिकेत याला एफबीआय पद्धत म्हणतात. बटण दाबून पाहायचं, सोडायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा दाबायचं. हत्यार काढायची वेळ आलीच तर हॅरीस पद्धत आहे: दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, बॅटरीचं मनगट पिस्तुलाच्या मनगटाखाली. तेवढ्यानंही हात बराच स्थिर होतो. ही मी त्याच्याकडून रिकाम्या हातांनी, नुसती बॅटरी घेऊन करून घेतली. ओलिताच्या वेळी दोन्ही हात पायपाला लागतात, तेव्हा डोक्याची बॅटरी, पण मंद. कुणाशी बोलताना ती खाली वळवायची, नाहीतर समोरचा आंधळा होतो आणि चिडतो.

घेताना काय पाहावं? कँडेला छापलेला असेल तीच घ्या, नुसते लुमेन छापलेली सोडा. माझ्या मते वावरासाठी पंधरा ते पंचवीस हजार कँडेला पुरे. त्याच्यापुढे उजेडाचा खांब बारीक होतो, लांबचं झाड दिसतं पण पायाजवळचा साप दिसत नाही. मधला झोत आणि भोवतीचा पसरट उजेड दोन्ही पाहिजेत. पाण्यासाठी आयपीएक्स-७ लिहिलेली असावी, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे, आणि आपली बॅटरी पाटात पडतेच. किती तास चालते हा आकडाही जपून वाचा. एफएल-१ च्या हिशोबानं उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ छापतात. आठ तास लिहिलंय म्हणजे आठ तास झगझगीत उजेड, असं नव्हे. बटण मागच्या टोकाला असावं आणि अर्धं दाबून क्षणभर पेटणारं असावं. पाच-सहा प्रकारचे उजेड आणि लुकलुक असलेली घेऊ नये. घाईत हवा तो उजेड कधीच पहिल्यांदा येत नाही.

दोस्ताच्या पोरानं ती बत्ती परत पाठवली आणि त्या पैशात बापासाठी आणि जागलीवरच्या माणसासाठी अशा दोन बॅटऱ्या आल्या. सेलबद्दल तेवढं लक्षात ठेवा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. सेल घेताना आत संरक्षणाचं सर्किट असलेला घ्या, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टण चढवलेले सेल बाजारात मिळतात ते टाळा. ज्या बत्तीत तीन व्होल्टचे दोन सीआर१२३ए बसतात, तिच्यात त्याच मापाचे चार्जिंगवाले सेल कंपनीनं लिहून दिल्याशिवाय घालू नका. भरलेला असा एक सेल ४.२ व्होल्टचा असतो, दोन मिळून ८.४ होतात आणि सर्किट जळतं. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. पावसाळ्यात महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. खिळ्या-पान्ह्यांच्या डब्यात टाकले तर दोन्ही टोकं जोडली जाऊन पेट घेतात.